थंडीतला पहिला फेरा

प्रश्न कागदावर एका ओळीचा होता. हौसबाग थंडीच्या दिवसांत उघडावी किंवा कसे, याबद्दल आपला अभिप्राय तीन दिवसांत लिहून द्यावा.

नीलकंठरावांनी कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला, पुन्हा वाचला. ओळ वाढली नव्हती. पण भीती वाटली ती वाटलीच.

गाव आंबलखेडी, देवासपासून चार कोसांवर. देवासला जशा दोन पात्या, थोरली आणि धाकटी, तशाच या एवढ्याशा जहागिरीलाही. अकरा वर्षांपूर्वी दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा शेतं वाटली, विहिरीचे पाळीचे दिवस वाटले, देवळातला नगारा कोणी कधी वाजवायचा तेही वाटून घेतलं. राहिली हौसबाग. दोघांच्या वडिलांनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहून हौसेनं उभारलेली. फिरते लाकडी घोडे, दगडी घसरगुंडी, मेंदीच्या कुंपणाची भुलभुलैया, आणि मधोमध चार पाळण्यांचा रहाटपाळणा, गावातल्या कुठल्याही छपरापेक्षा उंच. वाटणीची दोरी बागेवर टाकली ती नेमकी रहाटपाळण्याच्या मधून गेली. पूर्वेचा खांब थोरल्या पातीत, पश्चिमेचा धाकट्या पातीत.

बाग नागपंचमीला उघडायची, दसऱ्याला बंद व्हायची. वडिलांचा दंडक. थंडीत का नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आता थोरल्या पातीच्या उदाजीरावांना ती संक्रांतीपासून होळीपर्यंत उघडी हवी होती. धाकट्या पातीच्या बळवंतरावांनी कळवलं होतं, आमची हरकत नाही, आमचा खांब मजबूत आहे.

नीलकंठराव दोन्ही पात्यांचे समाईक. इमारतींचे जाणकार म्हणून धारहून आणलेले. परका माणूस, कुठल्याच पातीचा नाही, म्हणून दोघांना चालणारा. दोघांच्या मध्ये राहायचं आणि दोघांनाही खूश ठेवायचं. जात्यातल्या दाण्याला जसं राहावं लागतं तसं.

*

मसुदा पहिला.

हौसबाग थंडीत उघडू नये. कारण

कारणापाशी टाक थांबला. शाईचा थेंब पडला आणि पसरला.

कारण त्यांना धार आठवली. तिथं एका सावकाराच्या नव्या सज्ज्याकडे बोट दाखवून त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, हा पडेल. पुढच्या मिरवणुकीला त्या सज्ज्यावर चाळीस माणसं उभी राहिली आणि सज्जा जागचा हलला नाही. खाली मिरवणूक राहिली बाजूला, लोक नीलकंठरावांकडेच बघून हसले. तेव्हापासून त्यांचं नाव पडेलराव. भाजी घ्यायला गेले तरी माळीण म्हणायची, पडेलराव, टोपली ठेवू का खाली? बायको वारल्यावर आलेली माणसंसुद्धा दाराबाहेर हळूच म्हणाली, पडेलरावांची बायको गेली. सहा वर्षं ते नाव अंगाला चिकटून होतं. गाव सोडलं तेव्हा कुठं सुटलं.

त्यांनी मसुदा फाडला.

*

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी ते बागेत गेले. ऊन होतं, तरी सावलीत पाऊल पडलं की गारठा पोटऱ्यांना चावत होता. रहाटाच्या दोन खांबांपाशी दोन सुतार बसले होते. पूर्वेला तुकाराम, थोरल्या पातीचा. पश्चिमेला गेंदालाल, धाकट्या पातीचा, इथलाच माळवी माणूस. मधे वाटणीची चुन्याची रेघ. रेघेच्या अल्याड-पल्याड बसून दोघे एकाच काडीवर विड्या पेटवत होते.

"रावजी, हा माझा खांब," तुकाराम उठून म्हणाला. "बघून घ्या. कीड नाही, भेग नाही."

"ने यो म्हारो," गेंदालाल बसल्या जागेवरून आपल्या बाजूच्या खांबावर हात ठेवून म्हणाला. "देखी लो बाबूजी. म्हारी आड़ी सब ठीक हे."

"आणि मधला आख?" नीलकंठरावांनी विचारलं.

दोघांनी वर पाहिलं. दोन खांबांच्या माथ्यावर आडवा बसवलेला बाभळीचा जाडजूड आख. त्याच्या मधोमध आरे ओवलेले, आऱ्यांच्या टोकांना पाळणे. सगळा रहाट त्या एका लाकडावर फिरायचा.

"आख समाईक आहे," तुकाराम म्हणाला. "त्याला मी एकट्यानं हात लावला तर ते म्हणतील, आमच्या हद्दीत शिरला."

"म्हूं लगऊं तो ये केगा," गेंदालाल म्हणाला.

"मग आऱ्यांच्या पाचरी कोण ठोकतं?"

"माझ्या बाजूनं मी. नागपंचमीला एकदा, दसऱ्याला एकदा. दर साली बोटभर आत जाते."

"म्हारी आड़ी से म्हूं. उनकी पाचर कसी रे ने म्हारी ढीली रे, तो मालक म्हके कई केगा?"

"याची एक बोट गेली की मी सव्वा बोट घालतो," तुकाराम हसून म्हणाला. "थोरल्या पातीची पाचर ढिली, असं कोणी म्हणायला नको."

नीलकंठरावांनी मनात हिशेब मांडला. पूर्वेकडून बोटभर, पश्चिमेकडून बोटभर, अशी अकरा वर्षं. दोन्ही पाचरी एकमेकींकडे चालल्या आहेत. आत कुठं तरी त्या भेटल्या असतील. भेटल्यावर

हिशेब त्यांनी तिथंच सोडला.

"रिकामा फिरवा जरा."

दोघांनी आपापल्या बाजूचे आरे धरून रहाट ओढला. तो फिरला. पाळणे कुरकुरत वर गेले, खाली आले. आणि दर पाव फेऱ्याला वरून एक आवाज आला. मोठा नव्हे. म्हाताऱ्यानं बोट मोडावं तसा.

टक.

टक.

"हे पावसाळ्यात वाजतं का?"

"पावसाळ्यात लाकूड फुगतं, रावजी, सगळं गच्च असतं. थंडीत आकसतं. माणसासारखंच." तुकारामानं विडी विझवली. "आम्हांला सांगाल तर आम्ही चालवू. बसायचं मात्र आम्हांला सांगू नका."

गेंदालाल मोठ्यानं हसला. तुकाराम हसला नाही.

शिडी लावून स्वतः वर चढावं, असं नीलकंठरावांच्या मनात आलं. पण शिडी कुठल्या तरी एका पातीचीच असणार, आणि आख बघायला तर दुसऱ्या पातीच्या हद्दीवर ओणवावं लागणार. त्यासाठी दोन्हीकडे अर्ज. अर्जात कारण. कारण काय, तर मला भीती वाटते. तो कागद दोन कचेऱ्यांतून फिरणार, कारकून वाचणार, कोणाचा तरी मेहुणा धारचा असणार.

ते खाली मान घालून परत आले. वाटेत आपलीच पावलं त्यांना ऐकू येत होती. टक, टक.

*

मसुदा दुसरा.

हौसबाग उघडण्यापूर्वी मधल्या आखाची दोन्ही पात्यांच्या संमतीने तपासणी

एवढं लिहिलं, तोच बोलावणं आलं. उदाजीरावांच्या पत्नी भवानीबाईसाहेबांचं; सगळे त्यांना आईसाहेब म्हणत.

पडद्याआडून आवाज आला. सत्तरीचा होता, पण त्याला धार होती.

"नीलकंठराव, धारची माणसं सगळीच कागदावर इतकी हळू चालतात, का तुम्हीच?"

"उद्या देतो, आईसाहेब."

"वाटणी झाल्यापासून, अकरा वर्षं, तो रहाट मी या माडीच्या जाळीतून बघते आहे. श्रावणात सगळा मुलूख त्यावर बसून जातो. सतवासचे व्यापारी बसतात, त्यांच्या बायका वर जाऊन किंचाळतात, तेही ऐकते. आमच्या घरच्या बाईनं त्या गर्दीत जायचं कसं? आणि पावसाळ्यात मला दम लागतो, अंथरुणातून उठवत नाही. संक्रांतीला बागेत बायकांचं हळदीकुंकू करायचं, कनाती लावायच्या आणि एकदा वर जाऊन यायचं, एवढंच म्हणते मी. वरून देवासची टेकडी दिसते म्हणतात."

"दिसत असेल."

"मग अडलं कुठं? थंडी वाजते का तुमच्या रहाटाला?"

"लाकूड आकसतं, आईसाहेब."

"मीही आकसले आहे. मोडले नाही."

पडद्यामागं कोणी तरी फिस्सकन हसलं. तरुण बायकांचं हसू. नीलकंठरावांच्या कानशिलांवर ऊन चढलं. धारचं ऊन.

"पुढल्या पावसाळ्यापर्यंत मी असेन असं वैद्य म्हणत नाहीत," भवानीबाई म्हणाल्या. या वेळी आवाज खाली आला होता. "स्पष्ट सांगा. नको असेल तर नको म्हणा. कारण सांगा आणि नको म्हणा, मी ऐकेन."

कारण त्यांच्या जिभेवर होतं. पाचरी आत भेटल्या असाव्यात. असाव्यात. पाहिलं होतं का? नाही. मग काय पाहिलं? काही नाही, ऐकलं. काय ऐकलं? टक.

"हरकत दिसत नाही," नीलकंठराव म्हणाले.

*

मसुदा तिसरा, पक्का.

हौसबाग संक्रांतीपासून उघडण्यास हरकत दिसत नाही. नीलकंठ.

हा एका बैठकीत लिहून झाला. खोडाखोड नाही, डाग नाही. दोन्ही कचेऱ्यांचे शिक्के बसून दुसऱ्या दिवशी तो बागेच्या फाटकावर लागलासुद्धा.

*

आणि मग नीलकंठरावांना बागेचा दुसरा दंडक आठवला. वाचून त्यांना तो पाठ होता. सही करताना मात्र तो कुठं तरी दडून बसला होता.

बागेतला कुठलाही खेळ उघडताना पहिला फेरा दोन माणसांचा. एक मालकाच्या घरचं, एक अभिप्राय लिहिणाऱ्याच्या घरचं. समोरासमोरच्या पाळण्यांत. वडील जहागीरदार म्हणत, लिहिणाऱ्याचं रक्त वर गेलं की अक्षर सरळ येतं.

एरवी ते स्वतः बसले असते. पण फेरा हळदीकुंकवाचा, बायकांचा. पुरुषानं बसायचं नाही.

"मग मी बसते," अक्का म्हणाली.

अक्का त्यांची थोरली बहीण. बारा वर्षांची असताना विधवा झालेली, आता पन्नाशीची. बायको गेल्यावर त्यांचं घर तीच सांभाळत होती.

"अक्का, हळदीकुंकू आहे गं."

अक्कानं लाल आलवणाचा पदर सारखा केला. "हो की. विसरलेच बघ." चुलीपुढं वाकून तिनं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "म्हणजे आपली सरला बसणार."

"हो."

"नीलू, अरे, तू नीट बघितलंस ना सगळं?"

"बघितलं."

हे एक खोटं. ते इतक्या सहज बाहेर आलं की त्यांना स्वतःलाच त्याची भीती वाटली.

सरला, त्यांची लेक, नऊ वर्षांची. तिनं ऐकलं तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. काळ्या चंद्रकळेचं परकर-पोलकं तिनं तीनदा घालून पाहिलं.

"बाबा, वरून धार दिसेल?"

"धार लांब आहे. देवासची टेकडी दिसेल."

"पण उंचावरून जास्त दिसतं ना? मग थोडी तरी दिसेल. आपल्या घराचं कौल तरी."

"थोडी दिसेल," ते म्हणाले. दुसरं खोटं.

संक्रांतीला अजून चार दिवस होते. चार दिवस म्हणजे चार वेळा दोन्ही कचेऱ्यांत जाऊन सांगता आलं असतं. पहिल्या दिवशी ते थोरल्या पातीच्या कचेरीच्या पायरीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत. तिसऱ्या दिवशी आत गेले, कारकुनानं विचारलं, काय रावसाहेब, तिळगुळाचं आमंत्रण द्यायला आलात? ते हो म्हणाले आणि परत फिरले. चौथ्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. चुलीजवळ बसले तरी हात गरम होईनात.

*

संक्रांत. टळटळीत दुपार. आभाळात ढगाचं चिरगूटसुद्धा नाही.

बागेभोवती कनाती. आत पन्नासेक बायका, बहुतेक काळ्या लुगड्यांतल्या. पुरुष तिघेच: तुकाराम, गेंदालाल आणि नीलकंठराव, तिघांच्याही नजरा जमिनीकडे. फाटकाबाहेर गावची गर्दी, कारण उद्यापासून बाग सगळ्यांना खुली. गर्दीच्या कडेला अक्का. तिला आत येता येत नव्हतं.

भवानीबाई हाताला कोणाचाही हात लागू न देता पाळण्यात बसल्या. रहाट हळूच अर्धा वळवून खाली आलेल्या समोरच्या पाळण्यात सरलेला बसवलं. वजन सारखं व्हावं म्हणून तिच्या पायाशी ज्वारीचं अर्धं पोतं. बाकीचे दोन पाळणे रिकामे.

"चालवा," भवानीबाई वरून म्हणाल्या.

पहिला पाव फेरा.

रहाट ओढला गेला. भवानीबाई एका अंगाला, सरला दुसऱ्या अंगाला, दोघी खांबांच्या उंचीवर. टक झालं. नीलकंठरावांनी श्वास घेतला तो घेतलेलाच राहिला. सरला हसत होती. परकर वाऱ्यानं फुगला होता.

दुसरा पाव फेरा.

सरला माथ्यावर. भवानीबाई खाली, जमिनीपासून हातभर. आणि या वेळी टक झालं नाही. फाटलं. ओली फांदी हळूहळू मोडावी तसा, लांबत गेलेला आवाज. मग तो थांबला.

तिसरा पाव फेरा

नाही. नीलकंठरावांनी हात वर केला होता. दोन्ही सुतारांनी आरे जागच्या जागी धरून ठेवले होते. दोघांच्या चेहऱ्यांवरचं रक्त उतरलं होतं.

"बाबा, थांबला का?" वरून सरला.

"थांबवला आहे. हलू नकोस. हाताची घडी घाल आणि बैस."

"टेकडी दिसली."

"बरं. बघत राहा."

गेंदालालच्या खांबाला शिडी होती. नीलकंठराव ती चढले. धोतराचा काचा सुटत होता, हाताला घाम होता, गारठ्यातही. वर पोचून ते आखावर ओणवले, धाकट्या पातीतून थोरल्या पातीत, अकरा वर्षांत कोणी ओणवलं नव्हतं तसे.

दोन पाचरी आत भेटल्या होत्या. भेटून त्यांनी एकमेकींना रस्ता दिला नव्हता. आख मधोमध उभा चिरला होता. चिरेत त्यांची करंगळी सहज गेली. डोळा लावला तर पलीकडचं ऊन दिसलं.

"कई हे बाबूजी?" खालून गेंदालाल.

नीलकंठरावांनी चिरेतून करंगळी काढली. डोकं विलक्षण स्वच्छ चाललं होतं, जणू दुसऱ्याच कोणाचं होतं. रहाट फिरवायचा नाही, फिरवला की आख पिळणार. म्हणजे मुलीला खाली आणायचं नाही, तिच्याकडे वर जायचं. तोवर खालचं वजन उठता कामा नये. खालचं उठलं की वरचं जड होणार, रहाट आपणहून फिरणार.

ते उतरले आणि भवानीबाईंच्या पाळण्यापाशी जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"आईसाहेब, आख चिरला आहे. मुलगी उतरेपर्यंत आपण उठायचं नाही. हलायचंही नाही."

भवानीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. चिरलेला आख बरोबर त्यांच्या डोक्यावर होता.

"पडला तर माझ्यावर पडेल," त्या म्हणाल्या.

"होय."

"आणि मी बाजूला झाले तर ती पडेल."

"होय."

त्यांचे हात पाळण्याच्या कडेवर थरथरत होते. थरथर पाळण्याला लागू नये म्हणून त्यांनी ते उचलून मांडीवर ठेवले.

"मग माझ्याकडे काय बघता? शिडी बघा."

शिडी आखापर्यंतच पोचत होती. माथ्यावरचा पाळणा तिच्याहून सहा हात वर. तुकारामाची शिडी थोरल्या पातीची, भगव्या पट्ट्याची. गेंदालालची धाकट्या पातीची, हिरव्या पट्ट्याची. आरे चार बायकांच्या हाती देऊन तुकारामानं आपली शिडी चुन्याच्या रेघेवरून पलीकडे टाकली. दोघांनी मिळून एकीला दुसरी बांधली. बांधायला कनातीचे दोर सोडले आणि कनाती खाली बसल्या. बाहेरची गर्दी आत बघू लागली. कोणाला त्याचं भान नव्हतं.

आता ही लांब शिडी टेकायची कशाला? रहाटाला टेकवायची सोय नव्हती. नीलकंठराव बायकांकडे वळले. चार दोर शिडीच्या शेंड्याला बांधले आणि चार दिशांना दिले. दर दोराला दहा-बारा बायका. काळ्या लुगड्यांचे पदर खोचून त्यांनी दोर ताणले आणि शिडी कशालाही न टेकता आभाळात उभी राहिली.

"ओढू नका, सोडू नका," नीलकंठराव म्हणाले. "नुसतं धरून ठेवा."

"चढा तुम्ही," एक पोक्त बाई म्हणाली. "रोज विहिरीवर तेच करतो."

ते चढले. प्रत्येक पायरीला शिडी वाकायची, चारी दोर आवाज करायचे. निम्म्यावर त्यांना सज्जा दिसला, धारचा, आणि त्यावर उभी चाळीस माणसं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पुढची पायरी धरली.

सरला हाताची घडी घालून बसली होती. ती आता हसत नव्हती. ओठ पांढरे पडले होते. त्यांना बघून तिनं हात पुढं केले नाहीत. हलू नकोस म्हटलं होतं, म्हणून ती हलत नव्हती.

"आता ये. हळू. पोत्याला पाय लावू नकोस."

ती आली. गळ्याशी तिचे हात पडले तेव्हा रहाट थोडासा उसासला आणि आखातून पुन्हा तो आवाज आला, लांबणारा. खाली चारी दोर तसेच ताणलेले राहिले.

खाली पाय टेकल्यावर नीलकंठराव वळले, पण गेंदालाल त्यांच्याआधीच शिडीवर होता. दातांत पटाशी धरलेली. वर अजून पोतं होतं, आणि पोतं असेतो म्हातारीला उठता येत नव्हतं. त्यानं शिडीवरूनच पोत्याला चीर दिली. ज्वारी सांडू लागली. आऱ्यांवरून, आखावरून ओघळत ती खाली आली, भवानीबाईंच्या केसांत, मांडीवर, उघड्या तळहातांवर. त्या मान खाली घालून बसल्या होत्या.

"संक्रांतीला तीळ देतात," त्या पुटपुटल्या. "ज्वारी कोणी दिली नव्हती मला."

शेवटचा दाणा पडेपर्यंत त्या तशाच होत्या. मग तुकारामानं हात दिला, तो त्यांनी धरला आणि बाहेर आल्या. दोन पावलं चालून त्या खाली बसल्या. सुना धावल्या. त्यांनी हातानंच सगळ्यांना लांब केलं.

"नीलकंठराव," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मला तर बसायच्या आधीच भीती वाटत होती. सकाळी जाळीतून रहाट बघितला आणि नको म्हणावंसं वाटलं. पण एवढ्या बायका बोलावल्या. म्हातारी घाबरली असं म्हणाल्या असत्या." त्यांनी केसांतले दाणे झटकले. "तुम्हांला वाटत होती?"

"होय."

"आधीपासून?"

"कागद आला त्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, हेच नीलकंठरावांना सहन होईना. "जा," त्या म्हणाल्या. "बाहेर लोक उभे आहेत. मी सांगून ते ऐकायचे नाहीत. त्यांनी मला बसलेलं बघितलं आहे. तुमचा कागद आहे, तुम्हीच सांगा."

*

फाटकापाशी गर्दी दाटली होती. सरला त्यांचं बोट धरून चालत होती. कागद फाटकावर होता, सरळ अक्षरांचा. त्यांनी तो ओढून काढला.

"बाग थंडीत उघडायची नाही," ते म्हणाले. "रहाट मोडला आहे."

"आईसाहेब बसल्या की," एकजण म्हणाला. "आम्ही बघितलं. उतरल्याही."

"हां, पाळणा जागेवर आहे."

"मोठ्यांचं झालं की मोडतं सगळं," मागून कोणी म्हणालं आणि लोक हसले. गर्दी पुढं सरकली. पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या कडेवर लेकरू होतं, ते रहाटाकडे बघून टाळ्या पिटत होतं.

"आख चिरला आहे, भाऊ. मी डोळ्यांनी पाहिला."

"आणि हा कागद कोणी लिहिला? हरकत नाही म्हणून?"

"मी."

"मग तेव्हा काय पाहिलंत?"

नीलकंठरावांनी गर्दीकडे पाहिलं. पन्नास, शंभर तोंडं, हसायला तयार. सज्ज्यावर चाळीसच होती.

"काही नाही," ते म्हणाले. "मी वर चढलोच नव्हतो. न बघता लिहिलं. बघायला मागितलं असतं तर लोक हसतील म्हणून."

कोणी हसलं नाही. कडेवर लेकरू असलेल्या बाईनं आधी त्यांच्याकडे, मग सरलेकडे पाहिलं, आणि मागं वळली. तिच्यामागून आणखी दोघी वळल्या. पुरुष थोडा वेळ कुजबुजत राहिले, मग तेही पांगले. जाताना एकजण खांद्यावरून मागं बघत जमिनीवर थुंकला.

"बाबा," सरला म्हणाली. "न बघता म्हणजे?"

"म्हणजे आख कसा आहे ते मला ठाऊक नव्हतं."

"मी वर गेले तेव्हापण?"

"तेव्हापण."

तिनं विचार केला. रागही नव्हता तिच्या तोंडावर, रडूही नव्हतं. नवं गणित घातल्यावर मुलं करतात तसा चेहरा. मग तिनं त्यांचं बोट सोडलं, भांडण नसल्यासारखं, सहज, आणि रस्त्यापलीकडे अक्का उभी होती तिकडे चालू लागली.

अक्का लिंबाच्या बुंध्याला धरून उभी होती. लोकांच्या पाठींशिवाय तिला काही दिसलं नव्हतं.

"झाला का गं फेरा?" तिनं विचारलं.

"अर्धा," सरला म्हणाली आणि अक्काच्या आलवणात तोंड खुपसून उभी राहिली.

नीलकंठराव फाटकातच होते. रस्ता दहा पावलांचा होता. पहिलं पाऊल टाकायला त्यांना धीर होत नव्हता.